लाल ट्रॅक्टर आणि पोपटरावांचा उजवा हात

पोपट ओव्हाळ मे महिन्यात बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि जून संपायच्या आत त्यांनी घरातल्या बहुतेक चालू वस्तू बंद पाडल्या. मिक्सर गरम होतो म्हणून उघडला, तो पुन्हा जुळला नाही. पंखा कुरकुरतो असं त्यांना एकट्यालाच ऐकू यायचं. तो खाली उतरवून परत टांगला, तेव्हापासून तो सगळ्यांना ऐकू येईल असा कुरकुरायला लागला. येरवड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत हात लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या स्कूटरींकडे बघू लागले आणि शेजारी आपल्या स्कूटरी पलीकडच्या गल्लीत लावू लागले.

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," असं त्यांची बायको ललिता त्यांच्या तोंडावर म्हणायची. ती तीस वर्षं ब्लाऊज शिवत आली होती आणि तिनं एवढंच बजावून ठेवलं होतं की शिलाईच्या मशीनला हात लावायचा नाही. बाकी काय करायचं ते करा. पोपटराव उठायचे, बसायचे, जिना उतरून नाक्यावर जायचे, पेपर न वाचता परत यायचे. चहासुद्धा हल्ली त्यांना अर्धा कपच मिळायचा. पेन्शन अर्धी म्हणून चहाही अर्धा का, असं त्यांनी एकदा कुजकटपणे विचारलं, तर ललिता म्हणाली की संपला की पुन्हा मागा, पुन्हा देते. मग ते पुन्हा मागायचे. भांडायला तेवढंच निमित्त.

या सगळ्या धावपळीमागचं खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या थोडं आधी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर आपोआप घासायला लागलं होतं. माणूस तंबाखू मळतो ना, तसं. गंमत म्हणजे हातात पाना असला की ते थांबायचं. हात मोकळा मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. म्हणून पोपटरावांना हात मोकळा ठेवण्याची भीती वाटायची. डेपोत एका ड्रायव्हरला हेच झालं होतं. पुढे पुढे त्याला बायको भरवायची, शर्टाची बटणं लावून द्यायची. पोपटरावांनी तो माणूस पाहिला होता आणि त्यानंतर त्याच्या घरी जायचं टाळलं होतं, याची त्यांना लाजही वाटायची. डॉक्टरकडे जावं तर हात दाखवून अवलक्षण. हात हातात आहे तोवर एखादं मोठं इंजिन, अख्खं, पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत आपण एकट्यानं उभं करावं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. वर्कशॉपमध्ये जन्म गेला, पण तिथं एक माणूस हेड बघायचा, दुसरा पंप, तिसरा गिअर. अख्खं इंजिन कधी कुणा एकाचं नव्हतं.

अशा अवस्थेत ते जुलैमधल्या एका रविवारी हडपसरला मुलाकडे गेले. राकेश आयटीत होता आणि त्यानं सातव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला होता. पोपटरावांनी आल्या आल्या त्याच्या दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या, मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली दोन टॉवरच्या मधे चुकून राहिलेला जमिनीचा तुकडा होता. एक कडुलिंब, एक पत्र्याची शेड आणि शेडच्या सावलीतून बाहेर डोकावणारं एक लाल मडगार्ड.

"तो ट्रॅक्टर ना? पप्पा, ते स्क्रॅप आहे," राकेश म्हणाला. "लॉजिकली बघा. पार्ट मिळणार नाहीत, ठेवायला जागा नाही, आणि चालू करून त्याचा यूज काय?"

मुद्दे तिन्ही रास्त होते. उत्तर नसलं की पोपटराव चप्पल घालायचे. जेवण व्हायचं होतं, सून पानं मांडत होती, तरी ते लिफ्टनं खाली गेले.

शेडच्या दारात गोदाबाई बसलेल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात, नऊवारी, पायाशी कोंबड्या. ते टॉवर उभे होते ती सगळी जमीन एके काळी त्यांच्या घरची. यजमान गेले, मुलानं जमीन बिल्डरला दिली, आणि हा तुकडा तेवढा मागे राहिला. पोपटरावांनी कोण, कुठले ते सांगितलं आणि विचारून आत गेले. ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा होता, नावाची पट्टी कधीच गळून गेलेली. दोन सिलिंडर, पुढून हँडल मारून सुरू करायचं इंजिन. टायर बसलेले, धुराड्यात गवत. बॉनेट उघडताना गंजाचा पापुद्रा त्यांच्या अंगावर पडला. त्यांनी इंजिनावर तळवा ठेवला आणि त्यांचा हात गप्प झाला. कितीतरी दिवसांत असं बरं वाटलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा गोदाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. पोपटरावांची आई याच पट्ट्यात खुरपायला यायची आणि तिला ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. कुणाच्या मळ्यात ते तिनं कधी सांगितलं नाही. पेला हातात घेताना त्यांना ते आठवलं. पेला त्यांनी डाव्या हातानं घेतला.

"डावखुरं हायसा व्हय?" गोदाबाईंनी विचारलं.

हो म्हणून त्यांनी थाप मारली.

गोदाबाईंचा मुलगा संध्याकाळी भेटला. दसऱ्याच्या मुहूर्तावर तिथं दुकानांचे गाळे बांधायला घ्यायचे होते. शेड पाडताना ट्रॅक्टर गॅस कटरनं कापून भंगारात द्यायचा, असं ठरलेलं होतं. मी हा चालू करून दाखवतो, हे पोपटरावांचं बोलणं ऐकून तो हसला, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, दसऱ्याच्या आत हे धूड स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आलं तर लिंबाखाली राहील, गाळ्यांसमोर शोभेला. नाही आलं तर कटर. आईकडे बघत तो पुढे म्हणाला की तिचाही जीव अडकलाय त्यात.

झालं. दुसऱ्या दिवसापासून पोपटराव सकाळी डबा आणि पान्यांची पिशवी घेऊन मुंढव्यावरून हडपसर गाठू लागले. बस उशिरा आली की स्टॉपवर येरझाऱ्या, बसमध्ये जागा मिळाली तरी उभे. ललितानं एकदाच विचारलं की चालू झाल्यावर ठेवणार कुठं, आपल्या पलंगाखाली? ते लिंबाचं बोलले, तर ती म्हणाली की लिंबानं परवानगी दिली असेल तर माझी काही हरकत नाही.

इंजिन जाम होतं. त्यांनी इंधन फवारणारे नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं आणि ते मुरेपर्यंत चाकांकडे वळले. ओतलेलं मुरायला वेळ लागतो हे चाळीस वर्षं ज्यानं पोरांना शिकवलं, तोच माणूस आता दर तासाला हँडल हलवून बघत होता. जेमतेम पंधरवड्यात इंजिन एकदाचं हललं. त्या आनंदात त्यांनी गिअरबॉक्सकडे मोर्चा वळवला, आणि तिथं गाडं अडलं. गिअरबॉक्सच्या झाकणावर हत्यारांची पेटी बसवलेली होती आणि त्या पेटीत एक खुडूक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

गोदाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की तिला हलवायचं नाही. पोपटरावांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई घरात आडव्या झाल्या, तेव्हा त्यांनी कोंबडी उचलली, अंडी गवतासकट टोपलीत ठेवली, कोंबडी त्यांच्यावर बसवली आणि टोपली शेडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. आपण किती हळुवारपणे केलं याचं त्यांना कौतुकही वाटलं. ते पाना आणायला वळले तोवर कोंबडी टोपलीतून उठली, ट्रॅक्टरवर चढली आणि रिकाम्या पेटीत उरलेल्या दोन गंजक्या पान्यांवर पंख पसरून बसली. चार वेळा त्यांनी तिला उचलून टोपलीत ठेवलं, चार वेळा ती पान्यांवर जाऊन बसली. शेवटी तिनं त्यांच्या मनगटाला चोच मारली. नेमक्या त्याच वेळी गोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," त्या म्हणाल्या. "कोंबडी कुनी दिवसाची हलवतं व्हय? अंधारात हलवली तर तिला उमगत न्हाय. उजेडी हलवली की ती जागा सोडत न्हाय, अंडी सोडती." त्यांनी वाकून अंडी एकेक करून परत पेटीत, कोंबडीच्या पोटाखाली सारली. "आता पिल्लं भाईर येईस्तवर टॅक्टरला हात लावायचा न्हाय. आन् लावायचा आसंल तर उद्यापासनं येऊ नगं."

पोपटरावांनी रागानं पिशवी उचलली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. घरी बसून त्यांनी कुकरची शिट्टी उघडली, ती ललितानं हातातून काढून घेतली. तिसऱ्या दिवशी ते पान्यांशिवाय हडपसरला गेले, गोदाबाईंच्या शेजारी उपड्या घमेल्यावर बसले आणि कोंबडीकडे बघत राहिले.

ते दिवस त्यांना फार जड गेले. काम समोर, वेळ हातातून चाललेला, गणपती येऊन गेले, आणि एक पक्षी आपल्याला बसवून ठेवतोय. हात मोकळाच होता. दिवसभर तो मांडीवर नाही तर खिशात आपलं आपलं मळत राहायचा, आणि त्याचं मळणं थोडं वाढलंय असं त्यांना वाटायचं. मनातल्या मनात ते कोंबडीला शिव्या द्यायचे. गोदाबाई मात्र बोलत असायच्या. ट्रॅक्टर आला तेव्हा बघायला लोक कुठून कुठून आले. यजमान त्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. बाईमाणसानं तर शिवायचंही नाही.

"पन म्या चालवलाय," एका दुपारी त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "त्ये तापानं पडलं व्हतं. पेरनी खोळंबली व्हती. वरीसभर बगत आल्यालं, कुठलं दांडकं कवा वढत्यात. कासोटा खवला आन् बसले. सगळा तुकडा नांगारला. त्येस्नी सांगितलं, भाच्यानं केलं म्हून." मग म्हणाल्या, "आवाज एकदा कानावर पडावा, बाकी कायबी नगं."

पोपटरावांच्या तोंडाशी आपल्या हाताचं आलं होतं. सांगून टाकावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. तेवढ्यात गोदाबाईंनी त्यांच्या मांडीकडे बघून विचारलं, "ह्यो हात का आसा करतोय?"

"सवय आहे, मावशी. पाना नसला की होतं तसं."

गोदाबाईंनी मान डोलावली आणि दाणे टाकायला उठल्या.

पिल्लं बाहेर आली. दोन अंडी मात्र तशीच राहिली. त्या दोन अंड्यांचा दोष आपल्याकडे येतो हे पोपटरावांना कळलं आणि त्यांनी ती निमूटपणे लिंबाच्या बुंध्याशी पुरली. मग ते जे कामाला लागले ते श्वास घ्यायला थांबले नाहीत. गिअर मोकळे झाले, हेड घासून बसलं, नोझल पंपवाल्याकडून तपासून आले, डेपोतल्या जुन्या ओळखीनं वापरलेले टायर मिळाले. राकेश गॅलरीतून बघायचा आणि एकदा तर ऑफिसला जाता जाता बॉनेट धरायला थांबला. दसरा चार दिवसांवर आला आणि फक्त टॅपेट लावायचे राहिले.

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्वच्या डोक्यावर नेमकी बारीक फट ठेवणं. कागदासारखं पातळ पोलादी पातं त्या फटीत सरकवायचं, ते किंचित अडलं पाहिजे, आणि त्याच स्थितीत नट आवळायचा. पोपटरावांनी हे काम डोळे मिटून हजारो वेळा केलेलं. आता त्यांनी पातं धरलं आणि ते फटीशी गेलंच नाही. शेजारच्या लोखंडावर टकटक वाजत राहिलं. हातात हत्यार असताना हात हलायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. पातं सुटून खाली पडलं. ते शोधायला वाकले आणि तिथंच, ट्रॅक्टरच्या चाकाशी, खाली बसले. त्यांना रडू येत होतं आणि रडायला उसंत नव्हती.

संध्याकाळी त्यांनी ललिताला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय, बारीक दिसत नाही, तुझी नजर चांगली आहे तर उद्या एक तासभर चल. ती सुईत दोरा ओवत होती. किती वाजता निघायचं, एवढंच तिनं विचारलं. हिला एकही टोमणा का सुचला नाही, याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं, पण ते स्वतःच्याच विचारात होते.

दुसऱ्या दिवशी ललिता पदर खोचून मडगार्डवर चढली. पातं तिनं पहिल्याच खेपेला फटीत घातलं.

"आता ओढ. कसं लागतंय?"

"सैल. अस्तराच्या कापडातून सुई जाते तसं."

"जाड कापड पाहिजे. चार पदरी."

तिनं नट किंचित फिरवला, पुन्हा ओढून पाहिलं आणि मान हलवली. चारही व्हॉल्व तिनं लावले. पोपटराव खाली उभं राहून सांगत होते, उजवा हात खिशात होता. एकट्यानं अख्खं इंजिन करायचं राहिलं ते राहिलंच, हे त्यांना लागलं. पण पात्याचं ते अडणं तिनं इतकं बरोबर ओळखलं की थोडा अभिमानही वाटला.

खंडेनवमीला सकाळी गोदाबाईंनी ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली आणि नारळ पोपटरावांपुढे धरला. डेपोत दरवर्षी हाच प्रसंग यायचा.

"मावशी, आम्ही बौद्ध. आम्ही पूजा करत नाही."

गोदाबाईंनी नारळ मागे घेतला. "मग म्या फोडते. खोबरं खाशील न्हवं?"

"खोबरं खातो."

पोपटरावांनी हँडल लावलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, झटका उलटा आला तर मोडू नये म्हणून, दोन्ही हातांनी फिरवलं. एक फुसका हुंकार आला आणि विझला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. गोदाबाईंचा मुलगा मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता, त्यानं तो खाली घेतला. ललितानं हळूच विचारलं, माझं काही चुकलं का? पोपटरावांनी नाही म्हणून मान हलवली, डिझेलची नळी सैल करून तिच्यातली हवा काढली, पुन्हा आवळली, आणि तिसऱ्यांदा अंगातला सगळा जोर हँडलवर टाकला.

धुराड्यातून काळा गोळा सुटला, गवत उडालं, कोंबडी पिल्लांना घेऊन पळाली, आणि इंजिन धडधडू लागलं. गोदाबाईंनी दोन्ही कानांवर हात नेले आणि लगेच काढले. पोपटराव सीटवर चढले, गिअर टाकला आणि ते लाल धूड माळेसकट डुलत डुलत शेडमधून बाहेर आलं आणि लिंबाखाली उभं राहिलं. वरच्या गॅलऱ्यांमध्ये लोक जमले. राकेश सातव्या मजल्यावरून दोन्ही हात हलवत होता. गोदाबाईंच्या मुलानं मानलं बुवा म्हणून मान तुकवली.

पोपटराव खाली उतरले, पण इंजिन त्यांनी चालूच ठेवलं. दोन सिलिंडरचं ते जुनं यंत्र मुळापासून हादरत होतं. गोदाबाईंनी बॉनेटवर तळवा ठेवला, तो थरथरायला लागला. त्यांच्या मुलानं ठेवला, ललितानं ठेवला. बांगड्या किणकिणत होत्या. पोपटरावांनी आपला उजवा हात खिशातून काढला आणि त्या सगळ्यांच्या शेजारी ठेवला. चार जणांचे हात हलत होते आणि त्यातला आपला कोणता हे कुणाला सांगता आलं नसतं. कित्येक महिन्यांत त्यांना पहिल्यांदाच घाई नव्हती. हे इंजिन बंदच होऊ नये असं त्यांना वाटत होतं.

धूर गॅलऱ्यांपर्यंत गेला. वरून कुणीतरी विचारलं की पीयूसी काढलंय का. मुलगा म्हणाला, काका, आता बंद करा. पोपटरावांनी थोडं थांबू असं खुणेनं सांगितलं. तो पुन्हा म्हणाला. मग त्यांनी डाव्या हातानं स्टॉपची तार ओढली.

इंजिन दोनदा उचकलं आणि थांबलं. बॉनेटवर गोदाबाईंचा हात स्थिर झाला, मुलाचा झाला, ललिताचा झाला. पोपटरावांचा झाला नाही. गंजक्या पत्र्यावर त्यांचं बोट बारीक टकटक वाजत राहिलं. ते हात काढणार तेवढ्यात ललितानं आपला तळवा त्यावर ठेवला आणि दाबून धरला. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, लिंबाकडे बघत होती.

गोदाबाईंची सून चहा घेऊन आली, काठोकाठ भरलेले कप, बशांसकट. ललितानं पोपटरावांचा कप उचलला, त्यातला अर्धा चहा आपल्या बशीत ओतला आणि उरलेला त्यांच्यापुढे धरला. अगदी घरी देते तसा. पोपटराव त्या अर्ध्या कपाकडे बघत राहिले. ही पावसाळ्याच्या आधीपासून असाच देत आली होती, आणि आपण पेन्शनवरून भांडत होतो.

"कधीपासून माहितीये तुला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या शर्टांवरचे चहाचे डाग कोण काढतं?" ललिता म्हणाली. "उद्या धम्मचक्र दिन, दवाखाना बंद असेल. परवा जाऊ. आता घ्या, निवतोय."

पोपटरावांनी कप उजव्या हातात घेतला. थोडा सांडला, पण खाली बशी होती.